जॉर्ज ऑर्वेल : एका अप्रिय पुस्तकाचा कर्ता

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं 'नाइन्टीन एटीफोर' ही इंग्रजी कादंबरी वाचली. वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी ती वाचीत असल्याचें आढळल्यावरून, मुलांच्या हातीं काय आहे तें पाहावें, एवढ्याच हेतूनें आम्हीं ती उघडली होती. तिसऱ्या दिवशीं ती वाचून झाली, आणि खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हांस चांगलीशी झोंप लागली नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. एका देशांत एकाच पक्षाचें राज्य आहे, आणि तें ज्याच्या नांवानें चालतें त्या थोरल्या भावाला कोणीं प्रत्यक्ष पाहिलेलें नाहीं. त्याची तसबीर मात्र जागोजाग लावलेली आहे. घराच्या भिंतींत एक पडदा बसविलेला असून तो बोलतो आणि पाहतोहि. मुलें आईबापांविरुद्ध चुगली करतात व त्याबद्दल त्यांची वाहवा होते. विन्स्टन स्मिथ नांवाचा एक सामान्य कारकून सरकारी कचेरींत जुनीं वर्तमानपत्रें दुरुस्त करण्याचें काम करतो. म्हणजे राज्यकर्ते काल जें बोलले तें आज खोटें ठरलें असेल, तर कालचा अंकच बदलून टाकावयाचा. हा मनुष्य चोरून रोजनिशी लिहूं लागतो, एका तरुणीवर प्रेम करतो, पकडला जातो, त्याचे अनन्वित हाल होतात, दोन आणि दोन पांच होतात असें त्याच्याकडून वदविलें जातें, आणि शेवटीं त्याला त्या थोरल्या भावाविषयीं मनापासून प्रेम वाटूं लागतें. येथें कथा संपते.

आम्हांस राग आला तो या शेवटाचा. राजा हरिश्चंद्रानें डोंबाघरीं पाणी भरलें, परंतु अखेर त्याचें राज्य व पुत्र त्याला परत मिळाले. पवित्र शास्त्रांतील इयोबाचें सर्वस्व गेलें, पण देवानें तें त्याला दुपटीनें दिलें. येथें परत मिळण्याची गोष्टच नाहीं. असें पुस्तक लिहिणारा मनुष्य स्वभावानें कडवट, माणूसघाणा, घरदार व मूलबाळ नसलेला असा कोणी असावा, अशी आमची समजूत झाली, आणि ती पडताळून पाहण्यासाठीं आम्ही त्याचें चरित्र शोधूं लागलों. ती समजूत खोटी ठरली. कशी, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

जॉर्ज ऑर्वेल हें टोपणनांव. खरें नांव एरिक आर्थर ब्लेअर. त्याचा जन्म २५ जून १९०३ रोजीं बिहार प्रांतांतील मोतीहारी येथें झाला. बाप रिचर्ड ब्लेअर हा सरकारी अफू खात्यांत एक दुय्यम अधिकारी होता. शेतकऱ्यांकडून खसखशीचें पीक काढून घ्यावें, त्याची अफू करावी व ती चीन देशास विकावी, असा त्या खात्याचा व्यवहार होता. आई आयडा ही फ्रेंच बापाची मुलगी, ब्रह्मदेशांत मोलमीन येथें वाढलेली. मोतीहारी हें चंपारण्याचें मुख्य ठाणें. एरिकच्या जन्मानंतर चौदा वर्षांनीं, १९१७ सालीं, निळीच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणीं ऐकण्यास आलेले महात्मा गांधी याच गांवच्या न्यायालयांत उभे राहिले. परंतु तोंवर ब्लेअर कुटुंब तेथें नव्हतें. १९०४ सालींच आई मुलांस घेऊन इंग्लंडला गेली, आणि बाप १९१२ सालीं पेन्शन घेऊन परत येईपर्यंत एरिकला त्याचा सहवास जवळजवळ घडलाच नाहीं.

आठव्या वर्षीं त्याला ईस्टबोर्न येथील सेंट सिप्रियन नांवाच्या वसतिशाळेंत ठेवण्यांत आलें. मुलगा हुशार, मोठ्या शाळांच्या शिष्यवृत्त्या मिळवील व शाळेचें नांव गाजवील, म्हणून त्याची फी कमी करण्यांत आली होती. ही सवलत आहे याची त्याला वेळोवेळीं आठवण देण्यांत येई. नवीन जागीं आलेला तो भेदरलेला मुलगा रात्रीं अंथरूण ओलें करी, आणि त्याबद्दल त्याला छडीनें मार बसे. जी गोष्ट आपल्या इच्छेनें होत नाहीं, जी होऊं नये म्हणून आपण देवाची प्रार्थनाहि करतों, ती गोष्टहि पाप ठरूं शकते, हा त्या वयांत बसलेला धक्का त्यानें तीसपस्तीस वर्षांनंतर एका दीर्घ लेखांत वर्णिला. तो लेख त्याच्या मृत्यूनंतरच छापला गेला. त्याच्या कांहीं शाळासोबत्यांनीं शाळा इतकी वाईट नव्हती असेंहि लिहिलें आहे, आणि दुःखाच्या आठवणी मनांत वाढतात हें आम्हांसहि ठाऊक आहे. तथापि ज्यांच्या घरीं फीची सवलत मिळणारीं मुलें आहेत अशा पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं तो लेख एकदां अवश्य वाचावा. कादंबरींतील कोठडींत आम्हांस त्या लहान मुलाची शाळा पुनः भेटली.

पुढें १९१७ पासून १९२१ पर्यंत तो ईटन येथें राजशिष्यवृत्तीवर शिकला. तेथें कांहीं काळ त्याला फ्रेंच शिकविण्यास ऑल्डस हक्स्ले होता, ज्यानें नंतर १९३२ सालीं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही याच जातीची कादंबरी लिहिली. ईटनमध्यें एरिकनें फारसा अभ्यास केला नाहीं. विश्वविद्यालयाची शिष्यवृत्ति मिळण्याचा संभव राहिला नाहीं, आणि तो १९२२ सालीं, एकोणीस वर्षांचा असतां, पोलीस अधिकारी म्हणून ब्रह्मदेशांत दाखल झाला.

तेथें तो पांच वर्षें राहिला. इन्सीन, मोलमीन, काथा अशा ठिकाणीं त्याच्या बदल्या झाल्या. पगार चांगला, वय कोवळें, हाताखालीं शिपाई. कोणाहि तरुणाचें डोकें फिरावें अशी ती परिस्थिति होती. त्याचें फिरलें नाहीं असें नव्हे. नोकरांवर हात टाकल्याची कबुली त्यानें स्वतःच दिली आहे. परंतु एके दिवशीं फांशीकडे नेला जाणारा एक कैदी वाटेंतलें डबकें चुकविण्यासाठीं अंमळ बाजूस सरला, आणि तेवढ्यानें या अधिकाऱ्याच्या काळजांत चर्र झालें. अवघ्या कांहीं क्षणांत मरणारा मनुष्य आपले पाय भिजूं नयेत म्हणून जपत होता. मोलमीन येथें एक पिसाळलेला हत्ती शांत झाल्यावरहि त्यानें त्याला गोळी घातली, कां तर मागें हजारों लोकांचा जमाव उभा होता व साहेबानें हसें करून घ्यावयाचें नसतें. जुलूम करणारा स्वतःचीच मोकळीक गमावून बसतो, हें त्याला त्या दिवशीं कळलें असें तो लिहितो. १९२७ सालीं तो रजेवर घरीं आला व त्यानें राजीनामा दिला. बापास हें मुळींच रुचलें नाहीं.

यानंतरचीं वर्षें त्यानें मुद्दाम दारिद्र्यांत काढलीं. पॅरिसमध्यें हॉटेलांतील भांडीं घासलीं, लंडनमध्यें भिकाऱ्यांच्या धर्मशाळांतून रात्री काढल्या. आम्हांस यांत थोडें प्रायश्चित्त दिसतें. घरीं परत जाण्याची सोय असलेल्या माणसाचें दारिद्र्य हें खरें दारिद्र्य नव्हे असेंहि कोणी म्हणेल, आणि तें अगदींच चूक होणार नाहीं. या अनुभवांवरचें पुस्तक १९३३ च्या जानेवारींत निघालें. आईबापांस लाज वाटूं नये म्हणून त्यानें त्यावर दुसरें नांव घातलें. सफोक परगण्यांतील ऑर्वेल नदीवरून तें घेतलें होतें. त्यानें कांहीं दिवस शिक्षकाचें काम केलें, कांहीं दिवस पुस्तकांच्या दुकानांत विक्रेत्याचें केलें. १९३६ सालीं तो उत्तर इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत उतरला आणि सहा फुटांहून उंच शरीर वांकवून मजुरांच्या मागोमाग भुयारांतून रांगला. त्याच वर्षीं जून महिन्यांत आयलीन ओशॉनेसी या सुशिक्षित व विनोदी स्वभावाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला. एका खेड्यांत शेळ्या व कोंबड्या पाळून तीं दोघें राहूं लागलीं. माणूसघाणेपणाविषयींच्या आमच्या समजुतीला येथें पहिला तडा गेला.

आतां स्पेन. या प्रकरणावांचून ती कादंबरी कधींच लिहिली गेली नसती, असें आमचें मत आहे. १९३६ च्या डिसेंबरांत तो फ्रँकोच्या बंडाविरुद्ध लढण्यास बार्सिलोना येथें गेला आणि ज्या पथकांत प्रथम प्रवेश मिळाला त्यांत भरती झाला. तें पथक एका लहानशा समाजवादी पक्षाचें होतें, आणि त्या पक्षाचें मॉस्कोच्या राज्यकर्त्यांशीं वैर होतें. २० मे १९३७ रोजीं पहांटे वेस्का शहराजवळ शत्रूची गोळी त्याच्या गळ्यांतून आरपार गेली. मुख्य रक्तवाहिनी थोडक्यांत बचावली, आवाज मात्र कायमचा बिघडला. तो रुग्णालयांतून बाहेर पडतो न पडतो तोंच त्याचा पक्ष देशद्रोही ठरविण्यांत आला होता. कालपर्यंत ज्यांनीं एकाच खंदकांत थंडी व उवा सोसल्या, ते आज फ्रँकोचे हेर म्हणून तुरुंगांत पडत होते; त्याचा एक तरुण स्कॉच सोबती तुरुंगांतच मरण पावला. आयलीन बार्सिलोनांतच होती. पोलिसांनीं तिच्या हॉटेलांतील खोलीची झडती घेऊन ऑर्वेलच्या रोजनिशा उचलून नेल्या. तीं दोघें जून महिन्यांत कशींबशीं सरहद्द ओलांडून फ्रान्सांत पोहोंचलीं.

गोळीपेक्षां त्याला अधिक लागलें तें वर्तमानपत्रांचें वागणें. जेथें लढाई झालीच नाहीं तेथें मोठ्या लढाया झाल्याचीं वर्णनें त्यानें वाचलीं, आणि जेथें शेंकडों माणसें पडलीं तेथें अक्षरहि नव्हतें. घडलेली गोष्ट घडली होती असें सांगणारा पुढें कोणी उरेल काय, अशी भीति त्याच्या मनांत शिरली ती तेव्हांपासून. या विषयावरचें त्याचें पुस्तक नेहमींच्या प्रकाशकानें नाकारलें. दुसऱ्यानें १९३८ सालीं त्याच्या १५०० प्रती काढल्या, आणि त्याहि त्याच्या हयातींत खपल्या नाहींत. त्याच वर्षीं त्याच्या तोंडावाटे रक्त पडलें व क्षयाचा संशय घेऊन त्याला आरोग्यधामांत ठेवावें लागलें.

महायुद्धांत प्रकृतीमुळें त्याला सैन्यांत घेतलें नाहीं. १९४१ च्या ऑगस्टपासून १९४३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो लंडनच्या बी.बी.सी.मध्यें हिंदुस्थानाकडे होणाऱ्या ध्वनिक्षेपणाच्या विभागांत होता. आमच्या वाचकांस याचें विशेष अगत्य वाटावें, कारण आठवड्याच्या युद्धवार्तांवर तो जीं निवेदनें इंग्रजींत लिही, त्यांतील कांहींचीं भाषांतरें गुजराती, बंगाली, तामिळ आणि आपल्या मराठींतहि होऊन तीं प्रक्षेपित होत. त्याच्या सहकाऱ्यांत मुल्कराज आनंद, बलराज साहनी आणि कोल्हापूरकडील वेणू चितळे हीं मंडळी होतीं. १९४२ सालचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यांत टी. एस. एलियट यांच्यासारखे नामांकित कवि बसलेले आहेत, त्याच ओळींत वेणूताई आहेत, आणि मागें उंच, कृश ऑर्वेल उभा आहे. वेणूताईंची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी पुढें १९५० सालीं निघाली. हिंदुस्थानास स्वातंत्र्य मिळावें या मताचा हा मनुष्य सरकारी परिनिरीक्षकांच्या नजरेखालीं सरकारच्या बाजूचा प्रचार लिहीत होता. तो खोटें लिहीत असे असें नाहीं. पण प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या हातांतून जाऊन मग बाहेर पडते, हें काय असतें तें त्यानें येथें पाहिलें. ज्या खोलींत विभागाच्या कंटाळवाण्या बैठका होत तिचा क्रमांक १०१ होता. कादंबरी वाचलेल्यांना तो क्रमांक विसरतां येणार नाहीं.

नोकरी सोडल्यावर चारपांच महिन्यांत त्यानें 'ॲनिमल फार्म' ही जनावरांची कथा लिहिली. रशिया तेव्हां इंग्लंडचा दोस्त असल्यामुळें एकामागून एक प्रकाशकांनीं ती परत केली. १९४४ च्या जूनमध्यें घराजवळ बाँब पडला, आणि हस्तलिखित ढिगाऱ्यांतून उकरून काढावें लागलें. त्याच महिन्यांत पतिपत्नींनीं एक तान्हें मूल दत्तक घेतलें व त्याचें नांव रिचर्ड ठेवलें. मूलबाळ नसलेला मनुष्य, ही आमची दुसरी कल्पना, येथें संपली. सुख मात्र फार टिकलें नाहीं. २९ मार्च १९४५ रोजीं शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल दिलेली असतांच आयलीन मरण पावली. ऑर्वेल तेव्हां बातमीदार म्हणून युरोपांत होता. एकट्या पुरुषानें दहा महिन्यांचें मूल कसें सांभाळावें, तें परत द्यावें, असें स्नेह्यांनीं सुचवून पाहिलें. त्यानें ऐकलें नाहीं. १७ ऑगस्ट १९४५ रोजीं 'ॲनिमल फार्म' निघालें आणि जन्मांत प्रथमच त्याला पैसा व कीर्ति मिळाली.

पैसा हातीं आल्यावर तो स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील जुरा बेटावर, अगदीं उत्तरेच्या टोंकास, बार्नहिल नांवाच्या शेतघरांत राहावयास गेला. धाकटी बहीण ॲव्ह्रिल घर सांभाळी. तो बाग खणी, मासे धरी, मुलासाठीं लांकडाचीं खेळणीं करी, आणि माडीवरच्या खोलींत बसून तें भयंकर पुस्तक लिही. १९४७ च्या ऑगस्टांत मुलाला व भाचरांना घेऊन तो होडींतून येत असतां कॉरीव्रेकनच्या भोवऱ्यांत सांपडला; होडीचें यंत्र निखळून पाण्यांत पडलें, होडी उलटली, व सर्वजण एका खडकावर चढून बसले. कोळ्यांनीं त्यांना वांचविलें. डिसेंबरांत त्याला रुग्णालयांत हलवावें लागलें. स्ट्रेप्टोमायसीन हें औषध तेव्हां नवें होतें, तें अमेरिकेहून मागविण्यांत आलें. तें त्याला मानवलें नाहीं. कातडी सोलली, तोंडांत फोड आले, नखें गेलीं, आणि उरलेलें औषध दुसऱ्या रोग्यांस देण्यांत आलें. १९४८ च्या जुलैंत तो बेटावर परतला. खाडाखोडींनीं भरलेली प्रत टंकलिखित करण्यास त्या आडबाजूच्या बेटावर कोणी टंकलेखक येईना, म्हणून अंगांत ताप असतां, बिछान्यांत बसून, त्यानें ती सबंध स्वतः उतरविली. डिसेंबरच्या आरंभीं काम पुरें झालें. जानेवारींत तो पुनः आरोग्यधामांत गेला व बेटाचें त्याला पुढें दर्शन झालें नाहीं. ८ जून १९४९ रोजीं पुस्तक प्रसिद्ध झालें.

एवढें समजल्यावर आम्हीं तें दुसऱ्यांदा वाचलें. पहिल्या वाचनांत शेवटचें परिशिष्ट आम्हीं कंटाळून सोडलें होतें. त्यांत त्या राज्यानें बनविलेल्या नवभाषेचें व्याकरण आहे. शब्दच इतके कमी करावयाचे कीं बंडाचा विचार मनांत उभाच राहूं नये, असा त्या भाषेचा हेतु. पण हें परिशिष्ट साध्या, जुन्या इंग्रजींत आणि भूतकाळांत लिहिलेलें आहे. ती भाषा होती, असें कोणी मागाहून, मोकळेपणीं सांगत आहे. म्हणजे तें राज्य केव्हां तरी गेलें असलें पाहिजे, असा अर्थ कांहीं वाचक काढतात. आम्हांसहि तो पटतो, यद्यपि ऑर्वेलच्या मनांत तो होता असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. हें मात्र खरें कीं, एका मोठ्या अमेरिकन ग्रंथमंडळानें तें परिशिष्ट व मधलें एक लांब प्रकरण गाळल्यास पुस्तक घेण्याची तयारी दर्शविली असतां त्यानें नकार दिला. त्यांत निदान ४०,००० पौंड जातील असा त्याचा अंदाज होता, आणि तो मृत्युशय्येवर असून मूल पांच वर्षांचें होतें. अखेर मंडळानेंच माघार घेतली.

हें सारें असेंच होणार, असें आपलें म्हणणें नाहीं. सावध न राहिल्यास होऊं शकेल, एवढेंच, असा खुलासाहि त्यानें केला. योना संदेष्ट्यानें निनवे शहरास चाळीस दिवसांत नाश होईल म्हणून बजाविलें होतें. लोकांनीं ऐकलें, शहर वांचलें, आणि आपलें भाकीत खोटें पडलें म्हणून योना रुसून बसला. १९८४ साल आलें व गेलें, तेव्हां भविष्य खरें झालें कीं खोटें असा वाद अनेकांनीं घातला. ऑर्वेल जगता तर तो रुसला नसता असें आम्हांस वाटतें.

त्याचा एक दोषहि येथें सांगितला पाहिजे. १९४९ च्या मे महिन्यांत, रुग्णशय्येवरून, त्यानें ब्रिटिश परराष्ट्रखात्याच्या एका प्रचारविभागास ३८ नांवांची यादी पाठविली. हे लोक साम्यवाद्यांकडे झुकलेले दिसतात, यांस लिहावयाचें काम देऊं नये, असा तिचा आशय होता. ती २००३ सालीं छापून बाहेर आली. कोणास तुरुंगांत टाका असें त्यानें म्हटलें नव्हतें, हें खरें. तरी चुगलीची ज्याला इतकी घृणा, त्याच्या हातून ही यादी जावी याचें आम्हांस वाईट वाटलें, आणि अद्याप वाटतें. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यानें महात्माजींवर एक लेख लिहिला होता. संतपणाविषयीं त्याच्या मनांत बऱ्याच शंका होत्या, परंतु राजकारणांतील इतर पुढाऱ्यांशीं तुलना करतां गांधींनीं मागें किती स्वच्छ वारा ठेवला, हें त्यानें मोकळ्या मनानें मान्य केलें. टीकेसाठीं हातीं घेतलेल्या माणसास न्याय देण्याची ही संवय यादी लिहितांना त्याला सोडून गेली कीं काय, न कळे.

सप्टेंबरांत त्याला लंडनच्या रुग्णालयांत आणलें. १३ ऑक्टोबर रोजीं रोगशय्येजवळच सोनिया ब्राउनेल हिच्याशीं त्याचा दुसरा विवाह झाला. संसर्गाच्या भीतीनें रिचर्डला त्याच्या जवळ फारसें येऊं देत नसत. स्वित्झर्लंडच्या पहाडांत जाण्याची तयारी झाली होती, आणि तेथें उपयोगी पडावा म्हणून मासे धरण्याचा गळ खोलींत आणून ठेवलेला होता. २१ जानेवारी १९५० रोजीं रात्रीं फुप्फुसांतून रक्तस्राव होऊन, कोणी जवळ नसतांना, तो वारला. वय अवघें शेहेचाळीस.

तो देवळांत नियमानें जाणारा नव्हता. तरी इंग्लंडच्या मंडळीच्या विधीप्रमाणें आपणांस पुरावें असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें. २६ जानेवारी रोजीं, ज्या दिवशीं त्याची जन्मभूमि प्रजासत्ताक झाली त्याच दिवशीं, सटन कोर्टनी या खेड्यांतील देवळाच्या आवारांत त्याला मूठमाती देण्यांत आली. दगडावर एरिक आर्थर ब्लेअर हें नांव, आणि जन्माची व मृत्यूची तारीख कोरलेली आहे. जॉर्ज ऑर्वेल हें नांव तेथें नाहीं.